वैदिक १४, पाश्चात्त्य १०: या आकड्यांवरून काय ठरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जन्म नागपूरचा, ५ फेब्रुवारीचा. घरच्या पत्रिकेप्रमाणे रास कर्क, नक्षत्र पुष्य. परदेशी अ‍ॅप मात्र तुम्हाला कुंभेचे म्हणतं. गेल्या दहा वर्षांबद्दलची वीस-वीस विधानं तुम्ही दोन्हीकडून काढली आणि प्रत्येकासमोर खरं-खोटं लिहिलं. वैदिकची १४ जुळली, पाश्चात्त्यची १०. मग वैदिक जास्त अचूक मानायचं का? आणि नसेल, तर घरच्या घरी खात्रीची चाचणी कशी घ्यायची?

मी नागपुरात महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं आणि पत्रिका करायला वडिलांकडून शिकलो. ही दोन्ही कामं आयुष्यभर बरोबरीनं चालली, म्हणून हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. उत्तर आधीच सांगतो: १४ विरुद्ध १० वरून काहीही ठरत नाही. पण तुम्ही वही-पेन घेऊन बसलात, नुसतं कोणाचं ऐकून सोडून दिलं नाही, हे मला फार आवडलं. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी एक गुंता सोडवू. आपल्याकडे रास विचारली की चंद्ररास सांगतात. इंग्रजी वर्तमानपत्रात किंवा परदेशी अ‍ॅपमध्ये जी रास असते ती सूर्याची. म्हणजे तुम्ही कर्क आणि कुंभ शेजारी ठेवलेत तेव्हा दोन पद्धतींची तुलना झालीच नाही, चंद्राची सूर्याशी झाली. आपल्या पद्धतीनं, म्हणजे निरयन मोजणीनं, तुमचा सूर्य मकरेत साधारण २२ अंशांवर येतो, पाश्चात्त्य पद्धतीत तोच कुंभेत १६ अंशांच्या आसपास. तुमचा चंद्र पत्रिकेत कर्केच्या १० अंशांवर असेल, तर पाश्चात्त्य कुंडलीत तो सिंहेच्या ४ अंशांवर जातो. तुलना करायची तर मकर-कुंभ अशी करा, नाहीतर कर्क-सिंह अशी.

हा सुमारे २४ अंशांचा फरक म्हणजे अयनांश. पाश्चात्त्य पद्धत सायन आहे: वसंतसंपाताच्या दिवशी, म्हणजे २०-२१ मार्चला दिवस-रात्र सारखी होतात तेव्हा, सूर्य जिथे असतो त्या संपातबिंदूपासून मेष सुरू. आपली निरयन पद्धत तारे धरून मोजते. संपातबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात वर्षाला साधारण ५० विकला (अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला) मागे सरकतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. म्हणूनच उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते. यात खोटं कोणीच नाही. ऋतू मोजायचे तर सायन बरोबर. चंद्र कुठल्या ताऱ्याजवळ आहे ते पाहायचं तर निरयन बरोबर. पंचांगात चंद्र रोहिणीत लिहिला असेल त्या रात्री शहराचे दिवे सोडून रामटेकच्या बाजूला जाऊन बघा, रोहिणीचा लालसर तारा त्याच्या आसपास दिसेल. आपली पद्धत खऱ्या आकाशाची म्हणून फलितही खरं, असं पुष्कळ लोक म्हणतात. मोजमाप बरोबर असणं आणि त्यावरून सांगितलेलं फळ बरोबर असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी सिद्ध होत नाही.

ग्रंथांचा आधारही इथे फार उपयोगी पडत नाही. वेदांगज्योतिषात नक्षत्रं आहेत, तिथी आहेत, पण बारा राशी नाहीत आणि जातकाचं, म्हणजे जन्मपत्रिकेवरून सांगायचं, फलितही नाही. ते कालगणनेचं शास्त्र आहे. राशींचं जातक आपल्याकडे ग्रीकांशी संपर्क आल्यानंतर रुजलं, आणि सहाव्या शतकातला वराहमिहिर यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, आदरानं उल्लेख करतो. त्याच्या काळात सायन आणि निरयन राशी तीन-चार अंशांच्या फरकानं एकमेकींवरच बसत होत्या, कारण चित्रापक्षानं, म्हणजे चित्रा तारा धरून, मोजलं तर त्या इ. स. २८५ च्या सुमारास एकत्र होत्या. मेषेचा मनुष्य असा, वृषभेचा तसा, ही वर्णनं ज्या काळात घडली त्या काळात कुठली मेष हा प्रश्नच आजच्यासारखा नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजू तीच वर्णनं आपलीच म्हणून सांगू शकतात. शिवाय पाश्चात्त्यांतही निरयन मानणारे आहेत. आयर्लंडच्या सिरिल फेगन यांनी तिकडे तो पंथच चालवला.

आता तुम्ही ज्याला एक पद्धत समजता ते वैदिक ज्योतिष प्रत्यक्षात किती आहे ते बघा, कारण चाचणी इथेच घसरते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनं १९५५ मध्ये अहवाल दिला, त्याप्रमाणे २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालं आणि चित्रापक्षाचा अयनांश सरकारी झाला. तोच लाहिरी अयनांश म्हणून बहुतेक अ‍ॅपमध्ये असतो. पण बी. व्ही. रामन यांचा अयनांश त्याहून जवळजवळ दीड अंशानं कमी आहे. कृष्णमूर्ती पद्धतीचा पाच-सहा कलांनी कमी. आपल्या महाराष्ट्रातलंच टिळक पंचांग रैवतपक्षाचं, म्हणजे रेवती तारा धरून मोजणारं, त्यात आणि चित्रापक्षात सुमारे ४ अंशांचं अंतर.

ऐकायला हे किरकोळ वाटतं, म्हणून तुमच्याच पत्रिकेवर गणित करून दाखवतो. पुष्य नक्षत्र कर्केच्या ३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंत. चंद्र १० अंशांवर म्हणजे नक्षत्र बरोबर अर्धं झालेलं. पुष्याचा स्वामी शनी, त्याची महादशा, म्हणजे आयुष्यातला त्याच्या अमलाचा काळ, १९ वर्षांची. म्हणून लाहिरीनं जन्माच्या वेळी शनीची साडेनऊ वर्षं शिल्लक. रामन अयनांश लावला तर चंद्र जवळजवळ दीड अंशानं पुढे जातो आणि शिल्लक राहतात ७ वर्षं ५ महिने. रैवतपक्षानं मोजलं तर चंद्र १४ अंशांवर, शिल्लक ३ वर्षं साडेनऊ महिने. त्यापुढे बुधाची १७ वर्षं, मग केतू. म्हणजे केतूची महादशा एका हिशेबानं साडेसव्विसाव्या वर्षी लागते, दुसऱ्यानं साडेचोविसाव्या, तिसऱ्यानं एकविसाव्याच्या आतच. नोकरी चोविसाव्या वर्षी सुटली असेल तर केतू, सव्विसाव्या वर्षी सुटली असेल तरी केतू. अयनांश नंतर निवडायची मोकळीक ठेवली की कुठलीही घटना कुठल्या ना कुठल्या दशेत बसते, आणि बसवणाऱ्याला आपण काही वावगं करतोय असं वाटतही नाही. मी प्रामाणिक, अभ्यासू माणसं असं करताना पाहिली आहेत. त्यांना ते शास्त्रच वाटतं.

पाश्चात्त्य बाजूलाही हेच. भाव (कुंडलीतली बारा घरं) प्लॅसिडसच्या पद्धतीचे की समान, दृष्टियोगाला (ग्रहांमधल्या ठरावीक अंतराला) किती अंशांची सूट, गोचर (ग्रहांचं त्या वेळचं प्रत्यक्ष भ्रमण) बघायचं की प्रोग्रेशन (जन्मकुंडली हिशेबानं पुढे सरकवणं), हे सगळं जिथल्या तिथे बदलता येतं. तेव्हा चाचणीचा पहिला नियम: दोन्हीकडच्या जाणकारांनी कुठली साधनं वापरणार ते घटना बघण्याआधी लिहून द्यायचं आणि मग त्यातलं काही हलवायचं नाही.

आता मूळ अडचण. कॉटन मार्केटमध्ये दोन काटे वेगळं वजन दाखवू लागले तर शहाणा माणूस आधी माहितीतलं वजन टाकून बघतो, कुठला बरा वाटतो हे विचारत बसत नाही. तुमच्याकडे ते माहितीतलं वजन नाही. म्हणजे काहीच शास्त्र नसताना, नुसत्या योगायोगानं, वीसपैकी किती विधानं जुळली असती हा आकडा. तो दहा असेल असं तुम्ही गृहीत धरलंत. तो दहा नाही.

साडेसाती घ्या. शनीला राशिचक्र फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात आणि साडेसाती साडेसात वर्षांची. कुठल्याही दिवशी बारातल्या तीन राशींना, म्हणजे चारातल्या एका माणसाला साडेसाती असतेच. आणि दहा वर्षांचा पट्टा घेतलात तर जवळजवळ ६० टक्के लोकांना त्यात साडेसातीचा काही ना काही भाग लागतो. सतरा ते सत्तावीस या वयात कोणाचा एखादा पेपर गेला नाही, कोणाचं जमता जमता फिसकटलं नाही, कोणाच्या घरात आजारपण आलं नाही? साडेसातीत त्रास झाला हे विधान त्या वयाच्या बहुतेकांना लागू पडणार. तसाच गजकेसरी योग. चंद्रापासून केंद्रात गुरू म्हणजे बारांपैकी चार स्थानं, म्हणजे तीनांतल्या एकाला तो असतोच.

मंगळाबद्दल मात्र थोडं थांबून बोलतो, कारण त्यात माणसांची आयुष्यं अडकतात. लग्नकुंडलीत मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात असला की मंगळ आहे म्हणतात. बारांतली पाच स्थानं, म्हणजे शंभरातल्या साधारण ४२ जणांना तो निघतो. काही जण चंद्रकुंडलीवरून आणि शुक्रावरूनही बघतात. तिन्हीकडून बघितलं तर शंभरातले ८० च्या आसपास लोक मंगळाचे ठरतात. मग अपवाद काढायचे, परिहार शोधायचे, आणि हवं ते स्थळ वाचवायचं, नको ते मोडायचं. महालातल्या, इतवारीतल्या कितीतरी घरांतून माझ्याकडे मुलींच्या पत्रिका येतात. मुलगी शिकलेली, कमावती, आणि सगळी चर्चा त्या एका ग्रहावर अडलेली. अशा आईवडिलांना मी हे ४२ आणि ८० चे आकडे कागदावर मांडून दाखवतो. ज्या खुणेत जवळजवळ निम्मं गाव येतं, तिच्यावरून एका मुलीचं भवितव्य ठरवू नका, असं त्यांना स्पष्ट सांगतो. हे मला तुमच्या चाचणीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

स्वभावाच्या विधानांचं तर विचारूच नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं आणि ते किती जुळतं त्याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि त्यातली वाक्यं बरीचशी स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. हे १९४९ मध्ये छापून आलं. वरवर शांत पण आतून अस्वस्थ, लोकांसाठी झटता पण कदर होत नाही, हे कोणाला पटत नाही?

आता तुमच्या १४ कडे वळू. प्रत्येक विधान जुळायची शक्यता निम्मी धरली, म्हणजे तुमच्या बाजूनं जास्तीत जास्त सवलत दिली, तरी शंभर माणसांनी वीस-वीस वेळा नाणं उडवलं तर त्यातल्या सहाएक जणांना १४ किंवा जास्त छापे पडतातच. आणि वर पाहिलं तसं, ही विधानं नाण्याहून पुष्कळ सोपी आहेत. दोन पद्धतींतला फरक तर आणखी कच्चा. समजा तुमच्या वीस प्रसंगांपैकी सातांत दोन्ही बरोबर आल्या, तीनांत दोन्ही चुकल्या, सातांत फक्त वैदिक बरोबर आणि तीनांत फक्त पाश्चात्त्य. तुलनेसाठी पहिले दहा निरुपयोगी, कारण तिथे दोघींत फरकच नाही. उरले दहा, त्यात ७ विरुद्ध ३. दहा वेळा नाणं उडवून एका ठरावीक बाजूला सात किंवा जास्त कौल शंभरात सतरा वेळा मिळतो. एवढ्यावर विजेता ठरत नाही.

आणखी एक. वीस विधानं कुठली निवडली तुम्ही? आपल्याकडचा ज्योतिषी घटना सांगतो: बदली, जागा, विवाह, प्रवास. पाश्चात्त्य वाचन बहुतांशी मनाबद्दल बोलतं. खरं-खोटं ठरवणारेही तुम्हीच, आणि कुठलं विधान कुठून आलं ते तुम्हाला माहीत होतं. आजीनं सांभाळून ठेवलेल्या पत्रिकेबद्दल जिव्हाळा असणारच. तो जिव्हाळा नकळत खूण करतो. घटनेच्या विधानाला आठवणीतून आधार शोधणं सोपं, म्हणून तिथे गुण वाढतात.

लोकांनी हे आधी तपासलंय का? तपासलंय, आणि दोन्ही बाजूंचं. आपल्याकडची चाचणी जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः पूर्वी ज्योतिष केलेले प्रकाश घाटपांडे यांनी पुण्याहून केली, तिचा अहवाल २००९ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात आला. शाळेतली १०० हुशार मुलं आणि १०० मतिमंद मुलं, अशा २०० जणांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पाठवायच्या आणि हुशार कोण ते ओळखायला सांगायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नुसत्या अंदाजानं सरासरी २० यायला हवी, ती आली १७.२५. सर्वांत चांगला निकाल २४ चा. आता २७ माणसांनी नुसती नाणी उडवली असती तरी त्यांतल्या एखाद्याला २५ किंवा जास्त मिळण्याची शक्यता बरीच मोठी. एका ज्योतिष संस्थेनं सगळ्या २०० पत्रिका घेतल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या.

पाश्चात्त्य बाजूची नावाजलेली चाचणी शॉन कार्लसन यांची, १९८५ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेली. तिची आखणी ज्योतिषांशी सल्लामसलत करून झाली होती. एक कुंडली आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे तीन अहवाल द्यायचे, त्यातला त्या माणसाचा कुठला ते ओळखायचं. आपण निम्म्या वेळा तरी बरोबर येऊ असं ज्योतिषांचं म्हणणं होतं. आले एक तृतीयांशच्या आसपास, म्हणजे डोळे मिटून उचललं असतं तरी आलं असतं तेवढंच. तिच्या आकडेमोडीवर नंतर वाद झाले, तरी पाश्चात्त्य ज्योतिष सिद्ध झालं असं म्हणण्याइतकं काही त्यातून निघालेलं नाही.

फ्रान्सच्या मिशेल गोकेलँ यांचं नाव तुम्हाला कोणीतरी सांगेलच. १९५५ मध्ये त्यांनी मांडलं की नामवंत खेळाडूंच्या जन्माच्या वेळी मंगळ उगवल्यानंतरच्या किंवा डोक्यावर आल्यानंतरच्या भागात अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सापडतो. त्यावर दशकानुदशकं भांडण चाललं. पण तुमच्या प्रश्नासाठी एक गोष्ट लक्षात घ्या: मंगळ क्षितिजापासून कुठे आहे हे सायन आणि निरयन दोन्हीत एकच असतं. तो निकाल जसाच्या तसा मान्य केला तरी तो दोघींपैकी कोणाच्याच पारड्यात पडत नाही. सूर्यराशींना तर त्यांच्याही आकड्यांनी पाठिंबा दिला नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ज्योतिष मान्य केलंय, असंही कोणी म्हणेल. २००४ चा तो निकाल विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञान शिकवावं की नाही याबद्दलचा होता, अभ्यासक्रमाच्या निर्णयात न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही. भाकितं खरी ठरतात की नाही याची तपासणी त्यात नव्हती.

नारळीकरांच्या चाचणीवर ज्योतिषांचे आक्षेप मी ऐकलेत. बुद्धी एका पत्रिकेवरून अशी हो-नाही सांगता येत नाही, आईवडिलांच्या पत्रिका लागतात, वगैरे. आक्षेप असू शकतात. पण ते चाचणीत उतरण्याआधी मांडायचे असतात, निकालानंतर नाही. म्हणून तुम्ही चाचणी घ्याल तेव्हा जाणकाराला पहिला प्रश्न हा विचारा: तुमच्या मते पत्रिकेत सर्वांत ठळक काय दिसतं, आणि दहातून किती वेळा तुम्ही बरोबर याल? त्याचं उत्तर लिहून, तारखेसह, सही घेऊन ठेवा.

आता आखणी. तुमच्या मित्रमंडळीतून वीस तरी माणसं गोळा करा, चाळीस मिळाली तर उत्तम. प्रत्येकाकडून पाच घटना महिना-वर्षासह घ्या, आणि त्या अशा हव्यात की कागद दाखवता यावा: नोकरी लागल्याचं पत्र, लग्न, अपघातात हाड मोडणं, घरातला मृत्यू, घर बदलणं. मनाची अवस्था, ताण, प्रगती असले शब्द नकोत. मग प्रत्येकाची खरी कुंडली आणि तिच्यासोबत दुसऱ्या कोणाची तरी एक कुंडली अशी जोडी करा. ही दुसरी कुंडली त्याच वर्षी जन्मलेल्या माणसाचीच हवी, हे फार महत्त्वाचं. कारण शनी-गुरूच्या स्थितीवरून जन्माचं वर्ष कोणालाही काढता येतं, आणि वय कळलं की लग्न-नोकरीच्या तारखांशी जोडणं साध्या व्यवहारज्ञानानं जमतं. मग ते यश ग्रहांच्या नावावर जमा होतं. जोडीतली कुठली आधी ठेवायची ते नाणं उडवून ठरवा. खरी कुंडली कुठली याची उत्तरं तिसऱ्या माणसाकडे, बंद पाकिटात. जो जाणकारांना भेटतो त्यालाही खरी कुंडली कुठली हे माहीत नसावं, कारण चेहऱ्यावरून, हुंकारावरून माणूस उत्तर देऊन बसतो.

त्याच जोड्या, त्याच घटना, एका अनुभवी निरयन ज्योतिषाकडे आणि एका अनुभवी पाश्चात्त्य ज्योतिषाकडे स्वतंत्रपणे द्या. पहिला नागपुरात गल्लोगल्ली मिळेल. दुसरा ऑनलाइन शोधावा लागेल. अ‍ॅप विरुद्ध ज्योतिषी अशी गाठ घालू नका, ती अन्यायाची होईल. वीस जोड्यांत १५ किंवा जास्त बरोबर आल्या तर लक्ष द्यायला हवं, नुसत्या योगायोगानं ते शंभरात दोनदा होतं. चाळीस असतील तर २६ किंवा जास्त, ते शंभरात चारदा. आधी हे बघा की दोघांपैकी कोणी ही रेघ ओलांडतो का. ओलांडली, तर पुन्हा नव्या माणसांवर तेच करा. दोघंही ओलांडत असतील तरच कोण जास्त अचूक या प्रश्नाला अर्थ येतो, आणि तेव्हा वर सांगितलं तसं, जिथे एक बरोबर आणि दुसरा चूक तेवढ्याच जोड्या मोजायच्या.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही असे प्रयोग करत आलोय. निकाल निम्म्याच्या आसपास घुटमळतात, आणि जो ठामपणे सांगतो तो जास्त बरोबर येतो असंही दिसत नाही. म्हणून आज मला कोणी विचारलं की वैदिक अचूक की पाश्चात्त्य, तर माझं प्रामाणिक मत हे आहे की दोघींपैकी कुठलीही योगायोगाच्या पुढे गेल्याचं मला पटेल असं दिसलेलं नाही, त्यामुळे पहिली-दुसरी लावायला जागाच नाही. तरी मी पत्रिका करतो. त्यातलं गणित मला सुंदर वाटतं, आणि पत्रिका समोर असली की माणूस घरातलं दुखणं मोकळेपणानं बोलतो. पण तारीख सांगून भाकीत मी करत नाही, आणि येणाऱ्याला ते आधीच सांगतो.

तुम्हाला याचा उपयोग कशासाठी करायचाय, त्यावर पुढचं अवलंबून आहे. सणवार, श्राद्धतिथी, मुंजीचा मुहूर्त हवा असेल तर घरात जे पंचांग चालतं तेच चालू द्या, तिथे अचूकतेचा प्रश्न तिथी-नक्षत्राच्या गणितापुरताच. नोकरी सोडायची की नाही, शस्त्रक्रिया कधी करायची, स्थळ नाकारायचं का, असले निर्णय असतील तर दोन्ही पद्धती बाजूला ठेवा. आणि निव्वळ जिज्ञासा असेल तर चाचणी नक्की करा, मला निकाल वाचायला आवडेल.

सुरुवात जन्मवेळेपासून करा. पत्रिकेवरची वेळ घेऊ नका, दवाखान्याचा मूळ कागद शोधा. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवणारा राशीचा अंश, साधारण चार मिनिटांना एक अंश सरकतं, म्हणून पाच-दहा मिनिटांच्या गोळाबेरजेनं नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, बदलून जातो. चंद्राला त्याची तेवढी झळ नाही: पंधरा मिनिटांच्या चुकीनं तो सात-आठ कलाच सरकेल आणि तुमच्या शनीच्या दशेत दोनेक महिन्यांचा फरक पडेल. जुन्या माणसांच्या पत्रिका घेणार असाल तर वेळ स्थानिक आहे की प्रमाण ते विचारा. नागपूरचं रेखांश ७९ अंश ५ कला, प्रमाणवेळेचं ८२ अंश ३० कला, म्हणून आपली स्थानिक वेळ १३ मिनिटं ४० सेकंद मागे असते, आणि एवढ्यात लग्नाचा जवळजवळ एक अख्खा नवमांश जातो. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे होती, तेही बघा. शाळेच्या दाखल्यावरच्या तारखा तर घेऊच नका. आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांची तिथली जन्मतारीख गुरुजींनी टाकलेली १ जून किंवा १ जुलै आहे. अशा तारखांवरून कोणी सूर्यराशी मोजल्या तर सायनात मिथुन-कर्क आणि निरयनात वृषभ-मिथुन उगाचच वर येतील, आणि दोन्ही पक्ष त्यातून आपापला सिद्धान्त काढतील.

घटनांवरून वेळ सुधारून घेतलेली पत्रिका चाचणीत अजिबात चालणार नाही, कारण ज्या घटना तपासायच्या त्याच तिच्यात आधी भरलेल्या असतात. ज्यांच्या वेळेचा मूळ कागद मिळत नाही त्यांना वगळा, मग वीसऐवजी पंधराच माणसं उरली तरी चालतील. तेव्हा मात्र रेघ १२ वर धरा.